सरूचा दगड

उंबरखेलच्या देवळाभोवती कमरेइतक्या उंचीची दगडी भिंत आहे. इथली ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. भिंतीच्या आत कबरस्तान आहे आणि भिंतीच्या बाहेर, पश्चिमेला, हिवराच्या जुन्या झाडाखाली एकच दगड आहे. त्यावर क्रूस नाही, तारीख नाही, वचन नाही. तीन वेडीवाकडी अक्षरं आहेत फक्त: योहान.

नगरकडून, पुण्याकडून लोक देऊळ बघायला येतात. रंगीत काचा बघतात, घंटेखाली उभे राहून फोटो काढतात आणि मागं वळून आले की हमखास विचारतात, की हा योहान कोण, आणि बिचाऱ्याला भिंतीबाहेर का पुरलं? त्यांना उत्तर द्यायचं काम शांतवन आबा लोंढ्यांचं. आबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, रविवारची घंटा तेच वाजवतात. ते टोपी काढून हातात घेतात आणि म्हणतात, "योहान आत हाय, संगमरवराखाली. हितं सरू हाय."

मग ते हिवराच्या सावलीत बसतात आणि सांगायला लागतात. ही गोष्ट लोंढ्यांच्या घरातल्यानंच सांगायची, दुसऱ्यानं नाही, असा गावचा नेम आहे. त्या नेमाला गावात कुणी मान म्हणत नाही.

असं सांगतात, की मोठ्या दुष्काळात या भागातली जनावरं आधी गेली आणि मग माणसं. सगुणा तेव्हा ऐन पंचविशीत होती. नवरा पटकीनं गेलेला, पदरात चार वर्षांची सरू. ती आणि तिचा पाठचा भाऊ योहान सडकेच्या कामावर खडी फोडत. योहानाचं आधीचं नाव वेगळं होतं. बाप्तिस्मा घेतल्यावर तो योहान झाला. मिशनच्या शाळेत तो चार इयत्ता शिकला होता, म्हणून कामावर त्याला मुकादम हाताशी धरी. सगुणेला अक्षर ओळखीचं नव्हतं. तिला हातोडा ठाऊक आणि जातं ठाऊक.

पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून येत. सगुणेचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी सरू तापानं फणफणली होती, म्हणून तिचा पुढच्या फेरीला करायचं ठरलं. पुढची फेरी यायला नऊ दिवस उरले होते तेव्हा सरू गेली. ताप निमित्त होतं, पोर उपाशी होती.

बाप्तिस्मा न झालेल्याला कबरस्तानात जागा नाही, त्याच्यावर पुरण्याची उपासना वाचायची नाही, असा प्रार्थनेच्या पुस्तकातला नियम. पाद्रीसाहेब माणूस वाईट नव्हता. तो रडला म्हणे. पण नियम त्यानं पाळला. देऊळ तेव्हा पुरं झालं नव्हतं, पण कबरस्तानाची भिंत होती; योहानानं त्या भिंतीबाहेर खड्डा खणला, भाचीला आपल्या उपरण्यात गुंडाळून खाली ठेवलं आणि वर हा दगड लोटला. बाप्तिस्म्याच्या वहीत सरूचं नाव नाही आणि पुरल्याच्या वहीतही नाही. सगुणेला याच गोष्टीचा घोर लागला. पोर गेली ते गेली, पण ती होती हे कुठंच लिहिलेलं नाही. आपण मेलो की सरू नावाची कुणी मुलगी होती हे सांगायला कोण उरणार?

पुढं पाऊस झाला. देऊळ बांधून झालं. सगुणेकडं देवळासाठी दळण्याचं काम आलं; प्रभुभोजनाच्या भाकरीचं पीठ तिच्याच जात्यातून निघे. आणि जात्यावर बसली की तिला गाणं सुचे. आधी ती सासरमाहेरच्या ओव्या म्हणे, आता देवळाचे दिवस गाऊ लागली. नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा आगमनकाळ लागला की तिचं गाणं असे, "दिवा लावा दारी, येतो माझा धनी." नाताळाला गोठ्यातल्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायला निघालेल्या शेजारणी तिच्या गाण्यात येत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात वेदीवर जांभळं वस्त्र चढलं की तिची चाल खाली उतरे, आणि झावळ्यांच्या रविवारी ती येशूच्या गाढवाच्या वाटेवर आपला फाटका पदर अंथरणाऱ्या बाईचं गाणं म्हणे. पाद्रीसाहेबांनी विलायतेहून आणलेल्या चाली मंडळींच्या गळ्यातून कधी नीट उतरल्याच नाहीत. सगुणेची गाणी मात्र शेतात, पाणवठ्यावर, देवळात सगळीकडं. बघता बघता वर्षाच्या प्रत्येक सणाला तिचं एक गाणं झालं.

त्यातलं हंगामाच्या सणाचं गाणं सगळ्यांचं लाडकं. त्रैक्याच्या सणानंतरचे रविवार मोजता मोजता बाजरी काढणीला येते, आणि मग एका रविवारी जो तो पहिल्या कणसांची पेंढी घेऊन देवळात येतो. त्या दिवशी गायचं ते असं सुरू होई:

आले कणसात दाणे मोत्यापरी,
तुझ्या वेदीवरी ठेविते मी.

आणि शेवटच्या कडव्यात, गाणाऱ्यानं आपलं नाव घालायची आपली जुनी रीत आहे तिथं, सगुणेनं आपलं नाव घातलं नाही. तिनं गायलं:

सरूआई म्हणे, पीक आले थोर,
जेवणारी पोर तुझ्या घरी.

पहिल्यांदा हे गायलं गेलं तेव्हा बायकांच्या बाजूला एकही डोळा कोरडा नव्हता म्हणे. दुष्काळात कुणाच्या घरचं ताट रिकामं झालं नव्हतं? सात वर्षं मंडळींनी ते कडवं गायलं. सात वर्षं वर्षातून एकदा सरूचं नाव देवळाच्या आत, वेदीपाशी घेतलं गेलं. सगुणेला तेवढं पुरत होतं.

मग आधीचे पाद्रीसाहेब गेले आणि नवे आले. हे हुशार, उत्साही. पण मराठी कच्चं. त्यांनी ठरवलं की या गाण्यांचं पुस्तक छापायचं. योहान तोवर उपदेशक झाला होता. पांढरा कोट, हातात पुस्तक, गावोगाव प्रवचनं. त्याला डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, व्हायचं होतं, आणि बिशपसाहेबांनी कळवलं होतं की उमेदवारानं काही लेखन दाखवावं. नव्या पाद्रीसाहेबांनी त्याला सहज विचारलं, "शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं ना या मुलखात? मग या गाण्यांचा कवी कोण?"

योहान म्हणाला, "मी."

एवढंच म्हणाला. बाकीचं पुढं ओघानं करावं लागलं.

आगमनकाळापासून तो रोज संध्याकाळी बहिणीकडं येऊन बसू लागला. ती दळायची, गायची. तो कागदावर उतरून घ्यायचा. सगुणेला कोण आनंद! आपला भाऊ, आपली गाणी, आणि आता छापील पुस्तक. नगरच्या, पुण्याच्या देवळांत सरूचं नाव घेतील. तिनं त्याला एकच अट घातली, "भावा, माझं नाव कुठंबी टाकू नगं. पर सरूचं गाळू नगं. जात्यावर हात ठिवून बोल."

त्यानं जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला. "न्हाई गाळत, आक्का."

हंगामाचं गाणं लिहून झालं तेव्हा तिनं त्याला ते परत वाचायला लावलं. त्यानं वाचलं, शेवटच्या कडव्यासकट, "सरूआई म्हणे." कागदावर तोवर दुसरंच कडवं होतं. तो कागदाकडं बघत होता आणि पाठ म्हणत होता. वाचणं आणि पाठ म्हणणं यातला फरक सगुणेला कुठून कळावा? ती जवळ सरकली आणि विचारलं, "सरू कुठं हाय यात? मला दाव."

योहानानं तिचं बोट धरलं. पिठानं माखलेलं बोट. ते त्यानं कागदावर एका जागी टेकवलं आणि म्हणाला, "हितं."

तिथं त्याचं स्वतःचं नाव होतं.

सगुणेनं तो कागद मागून घेतला. त्याच्याकडं दुसरी प्रत होतीच. तिनं त्या तीन अक्षरांवरून इतक्यांदा बोट फिरवलं की शाई पुसट झाली. राखेत गिरवलं, चुलीपुढच्या ओल्या सारवणावर गिरवलं. आणि उपवासकाळ लागल्यावर, राखेच्या बुधवारपासून, ती हातोडा आणि एका जुन्या पहारेचं टोक घेऊन हिवराखाली जाऊन बसू लागली. खडी फोडलेले हात होते. दगड तिला ऐकत होता. पोरीला वहीत जागा मिळाली नाही, तर दगडावर देऊ, असं तिनं मनाशी घेतलं. चाळीस दिवस लागले, पण झालं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गावात वाचता येणारी पाच-सात माणसं होती. शाळेचे मास्तर होते, गायकमंडळींतले चौघं होते. भिंतीवरून डोकावलं तर दगड दिसतो. त्यांनी तो पाहिला. सगुणा पोरीच्या कबरीवर 'योहान' कोरते आहे हे त्यांना दिसलं, आणि का कोरते आहे हेही थोड्याफार दिवसांत उमगलं, कारण तोवर योहान गायकमंडळींना शाळेच्या खोलीत नवं कडवं शिकवू लागला होता. बिशपसाहेबांचा हुकूम आहे, बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव उपासनेत चालत नाही, असं त्यानं त्यांना सांगितलं. तसा हुकूम कुणी दिला नव्हता. पण भावाबहिणीच्या मध्ये पडायचं कुणी, आणि उद्याच्या डीकनशी वाकडं घ्यायचं कुणी? गायकमंडळींकडून कडवं घरोघरी गेलं, पण सगुणेपुढं सगळे मूग गिळून बसले. सगुणेच्या शेजारी वीस वर्षं बसणारी, तिच्याबरोबर एका जात्याला हात लावणारी मंजुळा पाटोळे, तिचा नवरा गायकमंडळींत होता. तिलाही ठाऊक होतं. तीही बोलली नाही.

उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, तीन तासांची उपासना आटोपल्यावर सगुणेनं भावाला हाताला धरून भिंतीबाहेर आणलं. दगडावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बघ रं, बरुबर कोरलंय का?"

शांतवन आबा इथं नेहमी थांबतात. पाणी पितात. त्या क्षणी तो खरं बोलू शकला असता, असं ते म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याला ते आपसूक कळतं.

योहानानं दगड बघितला. मग म्हणाला, "बरुबर हाय, आक्का."

हंगामाचा सण आला. बाजरी त्या वर्षी अशी आली होती की पेंढ्या ठेवायला वेदीची पायरी पुरेना. मुंबईहून बिशपसाहेब आले, त्यांच्याबरोबर पुस्तकांची पेटी आणि नगरच्या शाळेच्या एक शिक्षिका, एस्तेरबाई. उपासनेआधी दारात पुस्तकं वाटली. सगुणेनंही एक घेतलं. नवीन कागदाचा वास घेतला. पान कुठलं ते तिला कळेना, तेव्हा शेजारी उभ्या एस्तेरबाईंनी हंगामाचं गाणं काढून दिलं. सगुणेनं खालून वर शोधलं, आणि तिला ती तीन अक्षरं सापडली. छापील, सरळ, सुबक. तिचा चेहरा असा उजळला की बाई कौतुकानं बघत राहिल्या.

"ही बघा," सगुणा म्हणाली, "ही माझी सरू."

एस्तेरबाई परगावच्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं आणि चूक सुधारावी तशा सहज म्हणाल्या, "नाही हो बाई, इथं योहान लिहिलंय."

सगुणेनं त्या पानात बोट घातलं. तिला वाटलं बाई चुकल्या असतील. माणूस चुकतं. आपला भाऊ जात्यावर हात ठेवून बोललेला, त्याच्यापुढं ही परकी बाई कोण? ती आपल्या जागी जाऊन तरटावर बसली, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून.

गाणं सुरू झालं. कणसांचं कडवं झालं, खळ्याचं झालं. शेवटचं आलं. सगुणेनं डोळे मिटले आणि आवाज लावला, "सरूआई म्हणे," आणि सगळं देऊळ तिच्या आवाजावरून दुसरंच गाऊन गेलं:

म्हणे योहान हा, धन्य तुझी दया,
लागतो मी पाया सर्वकाळ.

तिनं डोळे उघडले. तिच्या शेजारी मंजुळा तेच गात होती. नजर जमिनीकडं होती, पण गात होती. सगुणेनं पलीकडं पाहिलं, पुरुषांच्या बाजूला, मास्तरांकडं. मागं वळून पाहिलं. एकही जण तिच्याकडं बघेना. एका कडव्याएवढ्या वेळात तिला कळलं, की हे एकट्याचं काम नाही, आणि हे आजचंही नाही. आपण चाळीस दिवस दगड कोरत होतो आणि हे सगळे येताजाताना बघत होते.

ती उठली. देवळात उपासना चालू असताना बाईमाणसानं उठून बोलायची रीत नव्हती. ती वेदीच्या पायरीपर्यंत गेली आणि भावाच्या समोर उभी राहिली.

"योहाना," ती म्हणाली, "माझी पोर कुठं ठिवलीस?"

बाजाची पेटी थांबली. बिशपसाहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मान वाकवून योहानाला विचारलं की ही बाई काय म्हणते आहे. साऱ्या मंडळींच्या देखत योहानानं त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की चांगल्या पिकाबद्दल ती देवाचे आभार मानते आहे.

बिशपसाहेब प्रसन्न हसले आणि त्यांनी सगुणेच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

सगुणा त्या हाताखालून निघाली ती थेट बाहेर. पुन्हा तिनं देवळाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दळण सोडलं नाही. पीठ दारात ठेवून जाई. रविवारी हिवराखाली दगडाला टेकून बसे आणि आतली गाणी, आपलीच गाणी, भिंतीबाहेरून ऐके. त्या दगडावर काय आहे ते तिला आता ठाऊक होतं. मास्तरांना लाज वाटून ते एकदा छिन्नी घेऊन आले, तर तिनं त्यांना हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट अशी सांगतात. हंगामाचा सण, भरगच्च देऊळ, तेच गाणं. शेवटच्या कडव्याला मंडळींनी तोंड उघडलं आणि कुणाच्याच घशातून सूर निघेना. पेटी वाजत राहिली, माणसं मुकी. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून एकटीचा चिरका आवाज आला, "सरूआई म्हणे." तिनं कडवं पुरं केलं, आणि मग लोकांचे घसे मोकळे झाले. कुणी म्हणतं हा चमत्कार. आबा म्हणतात, लाजेनं पण घसा बसतो. काही असो, दुसऱ्या वर्षीही तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी योहान डीकन होऊन दोन वर्षं झाली होती. अंगात पांढरा झगा, खांद्यावरून आडवा पट्टा. शेवटच्या कडव्याला देऊळ नेहमीसारखं गप्प झालं आणि सगळे बाहेरच्या आवाजाची वाट पाहू लागले. आवाज आला नाही. पेटी वाजून वाजून थांबली. कणसांवर आलेल्या चिमण्यांची तेवढी किचकिच चालली होती.

तेव्हा योहानानं पुस्तक मिटलं, वेदीवरची एक पेंढी उचलली आणि तो तसाच झग्यात बाहेर गेला. मंडळी त्याच्यामागून गेली. सगुणा दगडाला टेकून बसली होती. अंगात ताप होता, ओठ सुकलेले, पण शुद्ध होती. तो तिच्यापुढं मातीत गुडघ्यांवर बसला आणि पेंढी दगडावर ठेवली.

"आक्का, चुकलो," तो म्हणाला. "नगरहून कारागीर आणतो. संगमरवरात सरूचं नाव कोरून घेतो. पुस्तकातलं कडवं खोडून टाकतो. तू फकस्त एकदा मला माफ केलं म्हण."

सगुणेनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं या भावाला कडेवर खेळवलं होतं.

"खोडायचं न्हाई," ती म्हणाली. "दगडावरचं न्हाई आन् पुस्तकातलं बी न्हाई. लोकं इचारतील हा योहान कोण. तवा तू सांगायचं. तू सांग, तुझ्या पोरांनी सांगावं, त्यांच्या पोरांनी सांगावं. समदं सांगायचं. माझं बोट धरून कुठं ठिवलं त्ये बी."

"आन् माफी?"

"माझं कडवं तुझ्या घरातल्यानं गायचं न्हाई," ती म्हणाली. माफीचं ती काहीच बोलली नाही. आगमनकाळाचा पहिला दिवा लागायच्या आधी ती गेली. बाप्तिस्मा झालेला होता, आत जागा होती. पण तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिला भिंतीबाहेर पोरीच्या शेजारी ठेवलं. तिच्यावर दगडही नाही.

योहान पुढं मोठा पाद्री झाला, म्हातारा होऊन मेला. संगमरवराखाली आहे. मरेपर्यंत, जो कुणी दगडापाशी थांबे त्याला तो ही गोष्ट सांगे. नंतर त्याच्या मुलानं सांगितली. शांतवन आबा त्या मुलाचे नातू.

आजही उंबरखेलला हंगामाच्या सणाला ते गाणं म्हणतात. छापील पुस्तकात योहानाचं कडवं तसंच आहे. त्या ओळीशी आलं की सगळे पुस्तकं मिटतात, आपापली पेंढी उचलतात आणि पश्चिमेच्या दारानं बाहेर येऊन हिवराखाली उभे राहतात. मंजुळेच्या घरची बाई सुरुवात करते, बाकीचे मागून गातात. आजी गाते तसं नातही गाते. लोंढे मंडळी टोप्या काढून, तोंड मिटून बाजूला उभी असतात.

पाहुणे कधी आबांना आग्रह करतात, की तेवढं कडवं म्हणून दाखवा. आबा मान हलवतात आणि पाणवठ्याकडं बघून पाटोळ्यांच्या रूथ मावशीला हाक मारतात. आबांच्या वाट्याला दुसरं काम आहे. ते पाहुण्याचं बोट धरतात, खाली वाकतात आणि दगडावरच्या अक्षरांवर टेकवतात.

"हितं योहान लिवलंय," ते म्हणतात. "त्यो माझा पणजोबा. सरू ह्याच्याखाली हाय."